बिब्बा, सदाफुली आणि नरक्या

माणिकगडाच्या डोंगररांगेतला जिवतीचा मुलूख निजामाच्या अंमलात आदिलाबाद जिल्ह्याच्या दफ्तरी होता. १९५६ साली राजुरा तालुक्याबरोबर तो नांदेडला जोडला गेला, १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला, आणि सरहद्दीवरच्या काही गावांवर दोन राज्ये अद्याप आपापला हक्क सांगत आहेत. अंमल बदलले, तरी गोंड-कोलामांच्या रानातला बिब्बा होता तसाच राहिला. नारिंगी, मांसल बोंडाच्या टोकाला चिकटलेली ती काळी बी सुईला टोचून दिव्यावर धरली म्हणजे जे तेल सुटते, त्याचा चटका भेगाळलेल्या टाचेला देतात. तेच तेल चुन्याच्या संगतीने परटाच्या हाती कापडावर न पुसणारी खूण होते. आणि तेच अंगावर उतले, तर कातडी सोलून निघते.

अशा जहाल वस्तूची कर्करोगावरचा उतारा म्हणून ख्याती व्हावी, यात नवल नाही. परंतु काचपात्रातल्या पेशी मारणे हा काही मोठा पराक्रम नव्हे. ते काम धुण्याचा सोडाही करील. रोगी पेशी मारावी आणि शेजारची निरोगी पेशी राखावी, हे खरे कठीण, आणि वनस्पतींच्या छाननीचा सारा इतिहास या एका विवेकाच्या शोधात गेला आहे.

अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. मधुमेहावरचे औषध म्हणून तिची पाने १९५२ साली जमैकाहून कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. उंदरांच्या रक्तातली साखर काही हटेना, पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच आटत होत्या. जे मधुमेहाच्या दृष्टीने अपयश, तेच रक्ताच्या कर्करोगाच्या दृष्टीने सूचक ठरले, आणि १९५८ साली व्हिनब्लास्टिन, व त्यामागोमाग मुलांच्या रक्तकर्करोगावर उपयोगी पडलेले व्हिनक्रिस्टिन हाती आले.

योगायोगावर विसंबून न राहता अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून एखाद्या जमाबंदी कामगाराच्या चिकाटीने वनस्पतींची मोजदाद आरंभिली. १९८१ पर्यंत सुमारे ३५,००० जाती तिच्या चाळणीतून गेल्या. केबी नावाच्या ज्या प्रयोगशाळेतल्या कर्कपेशींवर ही पारख होई, त्या पुढे हेला नावाच्या वेगळ्याच वंशाच्या पेशींनी भेसळलेल्या निघाल्या, ही या दफ्तरातली नोंदण्याजोगी गंमत. याच चाळणीतून नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासह १९६६ साली एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन, आणि १९७१ साली पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीपासून टॅक्सॉल, ही दोन द्रव्ये जगापुढे ठेवली. पहिल्याचे रुग्णांवरचे प्रयोग विषारीपणामुळे थांबले होते. त्याची सौम्य भावंडे अमेरिकेत प्रत्यक्ष उपचारात येईपर्यंत १९९६ साल उजाडले.

आपल्याकडे लखनौच्या छत्तर मंझिलात, म्हणजे नवाबांच्या महालात, १९५१ साली सुरू झालेल्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने देशातल्या वनस्पतींच्या तपासणीची पहिली यादी १९६८ साली प्रसिद्ध केली. आज खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात हीच पारख चालते: शहाण्णव खाचांच्या तबकडीत मानवी कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांवर अर्क सोडतात, दोन दिवसांनी गुलाबी रंग घालतात, आणि जी खाच फिकी राहिली तिथे पेशी मेल्या असे वाचतात. मुंग्यांच्या वारुळासारख्या त्या खाचांत जंगलातले सारे माहात्म्य एका रंगाच्या गडदपणावर येऊन ठेपते.

सह्याद्रीतल्या नरक्याला ही परीक्षा भोवली. दुर्गंधीमुळे हे नाव पडलेल्या या झाडात गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ साली तेच कॅम्प्टोथेसिन, चिनी वृक्षाहून अधिक प्रमाणात, सापडले. द्रव्य खोडामुळांत साठत असल्याने झाड बुंध्यापासूनच पाडावे लागते, आणि चोरट्या तोडीने घाटातली कैक ठिकाणे पुढे ओसाड झाली. जिवतीच्या बिब्ब्याची मात्र फळेच कामाची; थंडीत ती वेचून पोत्यात भरतात, हातांना तिळाचे तेल चोळतात, आणि झाड जागेवरच राहते.