प्लेगचे शहर आणि परिचारिका

आरोग्यसेवेच्या इतिहासात सुरत शहराचा उल्लेख बहुधा साथींच्या निमित्ताने होतो, आणि त्या वृत्तांतात डॉक्टर, आयुक्त, उंदीर व टेट्रासायक्लिन हे औषध यांना जेवढी जागा मिळते तेवढी रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या परिचारिकेला मिळत नाही. याचा सगळा दोष इतिहासकारांच्या विसराळूपणावर ढकलता येणार नाही. मुंबई इलाख्यात हा व्यवसाय परोपकाराचे बोट धरून आला. त्यामुळे त्याला घरादारांची संमती मिळाली खरी, परंतु वेतन, हुद्दा आणि मनुष्यबळ यांविषयी बोलणे दीर्घकाळ अशोभनीय मानले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आजाऱ्याची शुश्रूषा हे घरच्या बायकांचे आणि बाळंतपण हे सुईणीचे काम होते. सुईणीच्या कौशल्यावर सर्वांची भिस्त असे, पण रक्त व विटाळाशी संबंध येत असल्यामुळे तिचे सामाजिक स्थान खालचेच राहिले. मुंबईत 1886 साली कामा रुग्णालय सुरू झाल्यानंतर शिक्षित परिचारिकेचा नमुना इलाख्यापुढे आला, आणि 1891 मध्ये शिक्षण पूर्ण करणाऱ्या बाई काशीबाई गणपत यांची पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंद घेतली जाते. तथापि 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढे तो सुरतेसह गुजरातेत व दख्खनमध्ये पसरला, तेव्हा अशा प्रशिक्षित स्त्रिया इतक्या थोड्या होत्या की सरकारला इंग्लंडहून परिचारिका बोलवाव्या लागल्या. याच साथीत पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना 10 मार्च 1897 रोजी मृत्यू आला. त्यांच्या त्यागाचे स्मरण होते, मात्र त्यांनी केलेल्या कामासाठी समाजाने कोणतीही व्यवस्था उभी केलेली नव्हती, हे क्वचितच सांगितले जाते.

ही व्यवस्था उभारण्याच्या प्रयत्नांचा एक धागा सुरतेपर्यंत पोहोचतो. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचा जन्म बडोद्याचा असला तरी त्यांचे बालपण सुरतेत गेले आणि शिक्षण तेथील आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत झाले. त्यांनी दयाराम गिदुमल यांच्यासह 1908 मध्ये मुंबईत सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले आणि तेथील विद्यार्थिनींना, ज्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे, रात्रपाळीचे हे काम विधवेने करावे, ही कल्पना त्या काळी किती धक्कादायक होती याचा अंदाज आज सहज येत नाही. रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि पती न्यायमूर्ती रानड्यांचे नाव पाठीशी होते, म्हणून घरोघरची माणसे त्यांच्या शब्दावर मुलीबाळी पाठवण्यास तयार झाली. त्यांनी सेवाधर्माचा आधार घेतला नसता तर ही दारे उघडली नसती; तोच आधार पुढे पगारवाढ मागणाऱ्या परिचारिकेला गप्प करण्यासाठी वापरला गेला, हा दोष रमाबाईंचा नव्हे.

पुढे नोंदणी झाली, कायदे झाले. भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्याने अस्तित्वात आली. परंतु देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या 1946 च्या भोर समितीने दाखवलेले चित्र फारसे पुसले गेले नाही: देशात त्या वेळी 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती आणि इंग्लंडमध्ये सुमारे 300 लोकांमागे एक. सुरत 1960 मध्ये गुजरात राज्यात गेली, खानदेशातून कापडगिरण्यांत आणि यंत्रमागांवर आलेल्या मराठी कुटुंबांनी लिंबायत, उधना हे भाग भरले, आणि शहराची लोकसंख्या रुग्णालयांच्या खाटांना कधीच गाठता येणार नाही अशा वेगाने वाढली.

सप्टेंबर 1994 मध्ये या व्यवस्थेची परीक्षा झाली. आधीच्या महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते; सुरतेत मात्र फुप्फुसाचा, म्हणजे खोकल्यातून पसरणारा प्लेग आल्याचे जाहीर झाले. सुमारे पन्नास माणसे दगावली, काही लाख लोकांनी शहर सोडले आणि कित्येक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलूप लावले. रुग्णांचा भार सरकारी न्यू सिव्हिल रुग्णालयावर पडला. अशा कक्षात परिचारिकेचे काम काय असते ते पाहिले तर धोक्याचे स्वरूप कळते: दर सहा तासांनी गोळी रुग्णाच्या पोटात गेल्याची खात्री करणे, ताप व श्वासाची गती तक्त्यावर नोंदवणे, प्राणवायूची नळी बसवणे, रक्तमिश्रित थुंकीचा नमुना गोळा करणे, आणि भीतीने खाटेवरून उठून निघालेल्या माणसाला समजावून थांबवणे. डॉक्टर फेरी संपवून जातो. हे सारे त्यानंतरचे काम आहे, आणि रुग्णाच्या तोंडाशी तोंड नेल्याशिवाय ते होत नाही.

साथीनंतर 1995 पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची सफाई करून दाखवली, तिचे कौतुक योग्यच आहे. पण प्लेगच्या आठवणीतून कचरा उचलण्याची शिस्त आली तशी रुग्णालयातील मनुष्यबळाची शिस्त देशात कोठेच आली नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजा धरून तीस टक्के जादा. कोणत्याही गर्दीच्या कक्षात डोकावणाऱ्यास हा निकष कागदावर राहिल्याचे कळते. खासगी क्षेत्रातील वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2016 मध्ये केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे तिची अंमलबजावणी राज्यांकडे सोपवण्यात आली, आणि जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणणारा 2023 चा कायदा शिक्षण व नोंदणीविषयी सविस्तर बोलत असला तरी परिचारिकेचा पगार किती असावा हे तो ठरवत नाही.