अब्बांचा आवाज आणि जुने यंत्र

आमच्या कपाटाखाली एक फाइल सर्व्हर रात्रंदिवस घरघरत असतो. घरची छायाचित्रे, माझ्या कविता, अब्बांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे, सारे त्याच्याच पोटात. आता तो थकला आहे. नवी हार्ड डिस्क बसवून चालता ठेवावा, की निवृत्त करावा?

अशा वेळी मला इंग्लंडमधली एक गोष्ट आठवते. १०८६ साली तिथे विल्यम राजाने जमीनजुमल्याची मोजदाद करवली. चर्मपत्रावरची ती नोंदवही म्हणजे ‘डूम्सडे बुक’. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लोकजीवनाची नवी नोंदवही केली, ती लेसर तबकड्यांवर. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. अखेर २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली तयार केली, तेव्हा कुठे तो मजकूर पुन्हा पाहता आला. चर्मपत्र मात्र आजही वाचता येते.

म्हणजे नुसते जपून ठेवणे पुरत नाही. वाचणारे यंत्रही हवे. आमच्या सर्व्हरमध्ये नवी डिस्क बसवली, तरी बाकीचे यंत्र जुनेच राहणार. म्हणून त्याला निवृत्त करायचे ठरवले आहे. पण आधी सारे नव्या यंत्रावर उतरवायचे, एक प्रत बहिणीच्या घरी ठेवायची आणि दोन्हीकडच्या फायली उघडून पाहायच्या.

नव्या यंत्रातून अब्बांचा आवाज ऐकू आला, की मगच जुन्याचे बटण बंद.