बेथेलची पाटी

जालना शहराजवळ बेथेल नावाचे एक गाव आहे. नाव ऐकून परगावचा पाहुणा जरा थबकतो. आपल्याकडची गावे म्हणजे कुठे पिंपळगाव, कुठे वडगाव. हे बेथेल कुठले? शब्द हिब्रू भाषेतला आहे, अर्थ देवाचे घर. बायबलात गोष्ट येते ती अशी. याकोब नावाचा माणूस प्रवासात उशाला दगड घेऊन रानात निजला. त्याला स्वप्न पडले. सकाळी त्याने तोच दगड खुणेसाठी उभा केला आणि त्या जागेला बेथेल म्हटले. म्हणजे हे नाव मुळातच स्मारकाच्या दगडाचे आहे.

ते नाव मराठवाड्यात आणणारे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्म ब्राह्मण कुळातला. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ते शिकले आणि १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या मागोमाग धाकटा भाऊ श्रीपत निघाला, आणि मुंबईत एकच गहजब उडाला. बापाने फिर्याद केली, कोर्टाने अल्पवयी श्रीपतला घरी परत दिले. मग प्रश्न उभा राहिला, या मुलाला पुन्हा जातीत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन मुलाला घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. एक भाऊ माघारी आला, दुसरा गेला तो गेलाच.

नारायणराव १८५४ साली दीक्षित पाद्री झाले आणि पुढच्या दशकात जालन्यास आले. त्या वेळी हा मुलूख निजामाचा, आणि जालन्यात इंग्रजी फौजेची छावणी. त्यांच्याकडे आले ते बहुतेक मांग समाजातले लोक. या लोकांची गावकुसाबाहेरची स्थिती काय होती, हे पुण्यात जोतिराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त लिहून ठेवले आहे. गुरुजींनी तो निबंध अवश्य मिळवून वाचावा. बरे, धर्म बदलला म्हणून पाटील पाणवठ्यावर थोडाच येऊ देणार? शेत नाही, घर बांधायला जागा नाही. तेव्हा निराळे गावच वसवावे, असे नारायणरावांनी ठरवले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जमीन दिली, आणि १८७० च्या सुमारास बेथेल उभे राहिले. ब्राह्मण कुळातला पाद्री, मुसलमान दिवाण, मांग शेतकरी! असा मेळ त्या काळी सहसा बसत नसे.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे पाहू. अमेरिकेत बॉस्टनच्या भागात जुन्या प्युरिटन धर्मोपदेशकांच्या आठवणीसाठी चौकांत, इमारतींवर ब्राँझच्या पाट्या लावण्याची चाल आहे. प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचा थाटमाट न मानणारे कडक पंथाचे लोक. त्यांच्यात जॉन एलियट प्रसिद्ध. १६३१ साली तो तिकडे गेला, तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा शिकला, १६५१ मध्ये धर्मांतरितांसाठी नॅटिक हे गाव वसवले आणि १६६३ साली त्यांच्या भाषेत अख्खे बायबल छापून काढले. पण ते खिळे जुळवणारा वोवाऊस नावाचा मूळ रहिवासी होता. इंग्रज त्याला जेम्स प्रिंटर म्हणत. त्याची आठवण एलियटच्या मानाने फारच थोड्यांना. आणि १६७५ साली लढाई पेटली तेव्हा गोऱ्यांनी नॅटिकच्या त्याच ख्रिस्ती लोकांना डिअर बेटावर नेऊन डांबले. उपासमारीने आणि थंडीने पुष्कळ दगावले. गाव वसवणारा भला होता, परंतु जमिनीची सत्ता दुसऱ्याच्या हाती होती.

जालन्यात तसे रक्त सांडले नाही. तरीही एकाच नावाची सावली इथेही पडतेच. नारायणराव १८७३ साली न्यूयॉर्कच्या धर्मपरिषदेत डोक्याला पागोटे बांधून बोलले, त्यांचे नाव परदेशी वर्तमानपत्रांत गाजले. १८९१ साली अमेरिकेहून परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले. त्यांची कीर्ती रास्तच आहे. पण बेथेलची माती ज्यांनी नांगरली ती कुटुंबे न्यूयॉर्कला गेली नाहीत.

एखाद्या दिवशी बेथेलमध्ये पाटी बसवायची कुणाच्या मनात आले, तर एका नावाने भागू नये. जालन्याकडच्या गुरुजींनी मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवावे आणि पणजोबा-खापरपणजोबांची नावे वहीत उतरवून आणायला सांगावे. आजी-पणजींची नावे तर आधी विचारावी, ती लवकर विसरतात. पाटी कोरणाऱ्याला ती वही लागेल.