चौकोनी चिठ्ठीचा तह

नृसिंहवाडीत दत्तदर्शन घेऊन पेढे-बासुंदीच्या दुकानांशी थांबणाऱ्यांत कोल्हापूर-सांगलीचे असतात, तसे कर्नाटकातलेही पुष्कळ. प्रत्येकाच्या मोबाइलमधले ॲप निराळे. तरी काउंटरवरची क्यूआरची एकच चौकट सगळ्यांचे पैसे घेते. परमुलखाच्या नाण्यावर सराफ बट्टा कापत, तो काळ आठवला की या ‘एकच’चा इतिहास मला शोधावासा वाटला.

चौकट जपानी. डेन्सो कंपनीने १९९४ मध्ये ती मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केली आणि पेटंट असूनही वापर खुला ठेवला. आपल्याकडे मात्र वॉलेट कंपन्यांनी तिच्यात आपापली सांकेतिक भाषा भरली; एकीची चौकट दुसरीच्या ॲपला वाचता येईना. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत क्यूआर आले. त्यासाठी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, व्हिसा, मास्टरकार्ड हे प्रतिस्पर्धी एकत्र बसले होते. समाईक लिपी ठरली, सक्ती नव्हती.

डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर २२ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश निघाला: खासगी भाषेच्या नव्या चौकटी काढायच्या नाहीत, जुन्या ३१ मार्च २०२२पर्यंत बदलायच्या.

माझ्या मते अवघड होते ते तंत्र नव्हे, हा तह. कंपनीला आपले गिऱ्हाईक कोंडून ठेवायचे असते. पेढेवाल्याला कुणाचेही गिऱ्हाईक चालते. आदेशाने पेढेवाल्याची बाजू घेतली. चौकटीभोवती कंपनीचे नाव आजही ठळक छापलेले असते. आतला पत्ता मात्र कुठल्याही यूपीआय ॲपला वाचता येतो.