फेरविक्रीतला चित्रकाराचा वाटा

मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीवर १९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा शाळामास्तर आला. त्याच्या प्रोत्साहनाने तिथल्या जाणत्या ॲबोरिजिनल पुरुषांनी आधी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली आणि मग हाताला लागतील त्या टाकाऊ फळ्यांवर चित्रे काढायला घेतली. विधीपुरत्या वाळूवर नि अंगावर रेखायच्या आकृत्या अशा टिकाऊ झाल्या, म्हणून विकण्याजोग्याही झाल्या. १९७२ मध्ये चित्रकारांनी ‘पापुन्या तुला’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. तेव्हा खासगी गिऱ्हाईक तुरळक होते. पुढे सरकारच्या कला मंडळाने चित्रे विकत घेतली, परदेशी प्रदर्शनांना पाठवली, म्हणून हे काम तगले. संग्राहकांच्या दूरदृष्टीचे गोडवे गाताना हा भाग बहुधा गाळला जातो. चित्रांची किंमत चित्रकारांनी आणि सार्वजनिक पैशाने मिळून उभी केली होती. फेरविक्रीच्या नफ्यावर चित्रकाराचा हक्क पोचतो तो याच कारणाने.

पापुन्याचे चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांचे १९७७ चे ‘वारलुगुलाँग’ पाहा. दोन मीटर उंच, तीन मीटरहून लांब अशा या कॅनव्हासवर नऊ कथा एकमेकींत गुंतल्या आहेत. मुख्य कथा लुंगकाटा या बापाची: त्याच्या दोन मुलग्यांनी कांगारू मारून त्याला वाटा न देताच खाल्ला, म्हणून त्याने पेटवलेल्या वणव्यात ते जळून मेले. हे चित्र एका बँकेने १,२०० डॉलरना घेतले आणि १९९६ मध्ये ३६,००० ला विकले. २००७ च्या लिलावात राष्ट्रीय कलादालनाने त्यासाठीच २४ लाख डॉलर मोजले. पॉसम २००२ मध्ये वारले होते. त्यांच्या वारसांना या विक्रीतून काही मिळावे अशी तरतूद तेव्हाच्या कायद्यात नव्हती.

यावर व्यापाऱ्यांचे म्हणणे असे, की चित्रकाराने ठरलेली किंमत राजीखुशीने घेतली, पुढची जोखीम खरेदीदाराची. शिवाय लिलावातल्या भावांमुळे सगळ्याच चित्रकारांचा भाव वधारला. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. जोखीम मात्र एकट्या खरेदीदाराची नव्हती. विधीतली गुप्त चिन्हे परक्यांसमोर उघडी केली म्हणून सुरुवातीच्या चित्रकारांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे त्यांनी अशी चिन्हे वगळली किंवा ठिपक्यांखाली झाकली. आणि राजीखुशी म्हणायची, तर दूरच्या वस्तीवर रोजच्या खर्चासाठी चित्र विकणाऱ्याला वाट पाहण्याची चैन परवडत नव्हती. बँकेला ती जवळपास वीस वर्षे परवडली.

ऑस्ट्रेलियात जून २०१० पासून कायद्याने एक हजार डॉलर वा त्याहून जास्त किमतीच्या व्यावसायिक फेरविक्रीवर चित्रकाराला, आणि त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे वारसांना, पाच टक्के देणे बंधनकारक झाले. नफ्याच्या मानाने ही रक्कम किरकोळच आहे. ‘वारलुगुलाँग’च्या त्या विक्रीवर ती १,२०,००० डॉलर झाली असती. तरीही कायदा करणारे कचरले: आधीपासून संग्रहात असलेल्या चित्राची त्या तारखेनंतरची पहिली विक्री त्यांनी मोकळी सोडली. सत्तरच्या दशकात नाममात्र पैशांत गेलेल्या पापुन्याच्या फळ्यांना, म्हणजे जिथे अन्याय सर्वांत मोठा होता तिथेच, या सवलतीचा फटका बसला.