खायची पात, सुवासिक फुलं: गार्लिक चाइव्ह्ज कुंडीत कसे लावायचे?

लसणाची चव असलेली पात आणि चांदण्यांसारखी पांढरी, मंद गोड वासाची फुलं, हे दोन्ही एकाच कुंडीत मिळू शकतं. या रोपाचं नाव आहे गार्लिक चाइव्ह्ज.

नेमकं काय आहे?
हे कांदा-लसणाच्या कुळातलं बहुवर्षीय रोप आहे. जमिनीखाली बारीक कंदांचा झुबका असतो. कांद्याची पात पोकळ असते, याची पानं मात्र चपटी आणि भरीव असतात. मणिपूरमध्ये याला 'मरोई नाकुप्पी' म्हणतात, तर जपानमध्ये 'निरा'. आपल्या नीरेशी मात्र त्याचा काहीच संबंध नाही! चीनमध्ये ही पात डंपलिंगच्या सारणात घालतात.

लावायचं कसं?
- बियाणं जुनं झालं की नीट उगवत नाही. त्यामुळे वाढलेल्या झुबक्यातले काही कंद मुळांसकट वेगळे करून लावणं सोपं.
- ८ ते १० इंचाची कुंडी, निचरा होणारी माती आणि ५-६ तास ऊन पुरेसं आहे. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका.
- पात मातीपासून २-३ सेंटीमीटर वर कापा, ती पुन्हा फुटते.
- झुबका दाटला की दोन-तीन वर्षांनी विभागून लावा.

काय काय खाता येतं?
पानं, कळ्या, फुलं, सगळंच. कंदही खाता येतो, पण तो उपटला तर रोपच जातं. पात आमलेट, नूडल्स किंवा चटणीत घालता येते.

कोणती काळजी घ्यायची?
आपल्याकडे कुंड्यांमध्ये दिसणाऱ्या पांढऱ्या रेन लिलीची पानंही गवतासारखीच असतात, पण ती विषारी आहे. जपानमध्ये डॅफोडिलची पानं 'निरा' समजून खाल्ल्यानं विषबाधेच्या घटना वारंवार घडल्या आहेत.

ओळख सोपी आहे. पान चुरगळल्यावर लसणाचा वास यायलाच हवा. मात्र हाताला आधीचा वास राहतो, म्हणून प्रत्येक पान हात धुऊन तपासा. फुलांमध्येही फरक आहे: चाइव्ह्जच्या एका दांड्यावर फुलांचा गुच्छ येतो, रेन लिलीच्या दांड्यावर एकच फूल.

दोन्ही रोपं शेजारी ठेवू नका, कुंडीवर नाव लिहा आणि शंका असेल तर पान खाऊ नका. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्यापासून लांब ठेवा. कांदा-लसणाप्रमाणे ही पातही त्यांना घातक ठरते.