भुईच्या पोटातली घरं : चीनच्या शेतकऱ्यांनी काय कमावलं आणि काय गमावलं



गेल्या उन्हाळ्यात शिवारफेरीसाठी एका गावी गेलो होतो. काम आटोपल्यावर एक दादा मला त्यांच्या रानात घेऊन गेले. बांधापलीकडच्या उताराकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, इथं भुयारासारखं घर कोरावं म्हणतो. उन्हाची तलखी नाही, वादळात पत्रं उडायची भीती नाही, अन् भूकंप आला तरी जमीन काय पडणार हाय व्हय? चार पोती ज्वारीबी आतच राहील. तुमचं काय म्हणणं?"

त्यांना मी तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हटलं नाही. कारण ही कल्पना काही वेडगळ नाही. जगात कोट्यवधी शेतकरी अशा घरांत राहिले, पिढ्यान्‌पिढ्या सुखानं राहिले. आणि अशाच घरांत एका रात्रीत गावंच्या गावं गाडलीही गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून कुदळ मारण्याआधी हा इतिहास समजून घेऊ.

सोलापूरचे डॉक्टर आणि येनानच्या गुहा

इतिहास चीनचा आहे, पण त्याचा एक धागा आपल्या सोलापूरशी जुळतो. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा, १९३८ साली, आपल्या देशातून पाच डॉक्टरांचं पथक मदतीला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १९३९ च्या फेब्रुवारीत हे पथक उत्तर चीनमधल्या येनान या गावी पोहोचलं.

येनानवर जपानी विमानांनी १९३८ च्या नोव्हेंबरपासून बाँब टाकायला सुरुवात केली होती. गावातल्या विटांच्या इमारती कोसळल्या. मग लोकांनी काय केलं? ते डोंगरात शिरले. दवाखाना, शाळा, कचेऱ्या, राहती घरं, सगळं डोंगराच्या कडेला कोरलेल्या गुहांत गेलं. आपले डॉक्टर अशाच गुहांत राहिले आणि गुहांतल्या दवाखान्यात त्यांनी जखमींवर इलाज केले. डॉ. कोटणीस पुढे आघाडीवर गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले.

येनानची नाकेबंदी झाली तेव्हा तिथल्या लोकांनी अन्न आणि कापडही स्वतःच पिकवायचं, विणायचं ठरवलं. १९४१ पासून नाननीवान नावाच्या ओसाड खोऱ्यात सैनिकांनीच नांगर धरला, आणि राहायला पुन्हा गुहाच कोरल्या. घराला लाकूड नको, वीट नको, सिमेंट नको. लागतं ते फावडं, कुदळ आणि मनगटातलं बळ. स्वावलंबन म्हणतात ते हेच.

पण ही घरं लढाईसाठी निघालेली नव्हती, बरं का. तिथला शेतकरी शेकडो वर्षांपासून तशाच घरात राहत आला होता. या घराला चिनी भाषेत याओदोंग म्हणतात.

त्या मातीचा गुण

उत्तर चीनमध्ये महाराष्ट्राच्या दुपटीएवढा एक प्रदेश पिवळ्या मातीचा आहे. ही माती नदीने आणलेली नाही, वाऱ्याने आणलेली आहे. वाळवंटाकडून उडत आलेली बारीक धूळ लाखो वर्षं थरावर थर साचत गेली. कित्येक ठिकाणी तिची जाडी तीनशे फुटांच्या वर आहे. शास्त्रात तिला लोएस म्हणतात.

या मातीचे कण बारीक पण कोनेदार असतात आणि चुन्याच्या अंशाने एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे कोरडी असताना ती उभी कापली तरी ढासळत नाही. पीठ दाबून भरलेल्या डब्यात बोटाने भोक पाडावं तशी ती कोरता येते. तिथला पाऊसही आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखाच, बऱ्याच भागात वर्षाला ४०० ते ६०० मिलिमीटर. झाडं कमी, लाकूड महाग. मग माणसानं घर बांधण्याऐवजी कोरावं, यात नवल ते काय?

घराची रीत अशी. डोंगराच्या उभ्या कडेला दहा ते बारा फूट रुंद आणि वीस-तीस फूट खोल अशी खोली कोरायची. छत सपाट ठेवायचं नाही, कमानीसारखं गोल ठेवायचं, म्हणजे वरचा भार दोन्ही बाजूंना उतरतो. डोक्यावर दहा-पंधरा फूट माती तरी शिल्लक राहिली पाहिजे. दर्शनी बाजूला दार आणि मोठी खिडकी, शक्यतो दक्षिणेकडे तोंड, म्हणजे थंडीत ऊन आत येतं. आत विटांचा ओटा असतो, त्याच्यावर घरातली माणसं झोपतात. चुलीचा धूर त्या ओट्याखालून फिरवून बाहेर काढतात. एकाच जळणात स्वयंपाकही होतो आणि अंथरूणही गरम राहतं. जाड मातीमुळे उन्हाळ्यात खोली गार, हिवाळ्यात उबदार.

जिथं डोंगर नाही, सपाट रान आहे, तिथं तर आणखी गंमत. हनान प्रांतात सानमेनशियाच्या भागात शेतकरी जमिनीत वीस-बावीस फूट खोल चौकोनी खड्डा घेतात. तो खड्डा म्हणजे घराचं अंगण. त्याच्या चारी भिंतींत खोल्या कोरायच्या. लांबून पाहिलं तर गाव दिसतच नाही, नुसते झाडांचे शेंडे जमिनीतून वर आलेले दिसतात. वरच्या जमिनीवर खळं करतात.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. तो शेतकरी पाण्याला किती जपतो ते बघा. अंगणाच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी जिरवायला खोल आड खणतो. खड्ड्याच्या काठाने कठडा घालतो, म्हणजे वरचं पाणी आत येत नाही आणि पोरंसोरं पडत नाहीत. घरावरच्या जमिनीवर गवत वाढू देत नाही आणि पावसानंतर तिथं दगडी रूळ फिरवून माती चोपून घेतो. का? तर पाणी मुरू नये म्हणून. कारण ही माती कोरडी असेपर्यंत दगड, आणि भिजली की चिखल. ज्याने रूळ फिरवायचा कंटाळा केला, त्याचं घर बसलं.

१५५६ ची रात्र

एवढं सगळं जपूनही एक शत्रू राहिलाच. २३ जानेवारी १५५६ रोजी शान्‌सी प्रांतात मोठा भूकंप झाला. कडाक्याची थंडी होती, लोक घरांत झोपलेले होते. पिवळ्या मातीचे कडे हादरले आणि खचले. गुहा मिटल्या. जुन्या चिनी नोंदींत मेलेल्यांचा आकडा ८ लाख ३० हजार दिलेला आहे. त्यात मागाहून उपासमारीने आणि रोगराईने गेलेलेही असावेत, असं अलीकडचे अभ्यासक मानतात. तरीही माणसाला माहीत असलेला हा सर्वांत जास्त प्राणहानीचा भूकंप समजला जातो.

पुन्हा १६ डिसेंबर १९२० रोजी त्याच पिवळ्या मातीच्या प्रदेशात, हाययुआन इथं भूकंप झाला. डोंगरउतार खाली सरकले, त्यांच्याबरोबर गावं गेली. दोन लाखांहून जास्त माणसं मेली.

म्हणजे ज्या घराने ऊन, थंडी, वारा आणि बाँबसुद्धा अडवले, तेच घर भूकंपात थडगं झालं. "जमीन काय पडणार हाय व्हय?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे, दादा. जमीन पडते. एका संकटातून वाचवणारं घर दुसऱ्या संकटातही वाचवेलच असं नाही.

आपल्याकडची पहाट

आता तुम्ही म्हणाल, हे चीनचं झालं. आपण कुठं गुहेत राहतो? थोडा विचार करा. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे आपल्या वाडवडिलांनी धाब्याची घरं बांधली. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यावर किलच आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात हे घर इतकं गार की पंख्याची आठवण होत नाही. म्हणजे आपणही डोक्यावर जमीनच घेऊन झोपत होतो.

माळवद गळायला लागलं की मिरगाच्या आधी वर आणखी चार पाट्या माती टाकायची, ही आपली रीत. आज्यानं टाकली, बापानं टाकली, आपण टाकली. जुनी काढली कुणीच नाही. कित्येक घरांवर असा दीड-दोन फुटांचा थर साचला.

जरा हिशेब करू. एक घनफूट माती साधारण ४५ किलो भरते. १० फूट बाय १२ फूट खोलीवर दोन फूट थर असेल तर ती माती झाली २४० घनफूट. वजन १०,८०० किलो, म्हणजे जवळजवळ अकरा टन. भरलेल्या दहा-अकरा बैलगाड्या लेकराबाळांच्या उशाशी टांगलेल्या!

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. अभियंत्यांनी नंतर पाहणी केली तेव्हा दिसलं, की बाहेरून भक्कम दिसणाऱ्या त्या रुंद भिंती आतून दोन वेगळ्या पडद्यांच्या होत्या. बाहेरचा दगड आणि आतला दगड एकमेकांत गुंतवलेलेच नव्हते, मध्ये नुसता भराव. धक्क्यासरशी पडदे फाकले, भिंत फुटली आणि वरचा माती-दगडांचा भार माणसांवर आला. जिथं लाकडी खांब आणि तुळयांचे सांधे पक्के होते, तिथं कित्येकदा भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

पेवाचा दाखला

जमिनीच्या पोटातली आपली आणखी एक वस्तू म्हणजे पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं नामांकित होती. तोंड अरुंद, आत घेर मोठा, खोली वीस-पंचवीस फूट. तिथल्या मातीत ओल धरत नसे, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पण २००५ साली कृष्णेला महापूर आला आणि पाणी पेवांत शिरलं. माल गेला, कित्येक पेवं कायमची निकामी झाली. तिथंही तोच धडा. माती साथ देते तोवर भुईचं पोट हे तिजोरी, आणि पाणी शिरलं की खड्डा.

मग त्या दादांचं काय झालं?

आम्ही एक साधी परीक्षा केली. त्यांनी दाखवलेल्या जागी चार फूट खोल खड्डा घेतला. वरची तीन फूट माती काळी निघाली, खाली भुसभुशीत मुरूम. संध्याकाळी खड्ड्यात आठ-दहा घागरी पाणी ओतलं. सकाळी जाऊन बघतो तर एका बाजूची भिंत आत बसलेली. दादा खड्ड्याकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "इथं पोरं निजली असती."

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. विहिरीचे काठ ढासळतात ते तुम्ही दर साल बघता. ही माती चीनची पिवळी माती नव्हे. म्हणून काळ्या रानात किंवा भुसभुशीत मुरमात राहण्यासाठी भुयार कोरू नका. चिनी शेतकऱ्याची गुहा घेऊ नका, त्याची अक्कल घ्या. ती अशी :

१. आपलं घर कोणत्या संकटात टिकेल आणि कोणत्या संकटात टिकणार नाही, दोन्ही विचारा. ऊन, वारा, पूर, भूकंप, प्रत्येकाचा जाब वेगळा घ्या.

२. धाब्याचं घर असेल तर यंदा वर माती टाकू नका, उलट जुना जादा थर उतरवा. गळती थांबवायला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर पातळ थर द्या. माती उतरवताना घरात कुणी असू नये, आणि दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी.

३. दगडी भिंत नव्याने घालत असाल तर गवंड्याला बजावून सांगा, की भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घातलेच पाहिजेत. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना गुंफणारा सळई-सिमेंटचा सलग पट्टा द्या. काम सुरू करण्याआधी अभियंत्याला दाखवा.

४. घराला पाण्यापासून जपा. जोत्याभोवती उतार द्या, चर काढा, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब न्या. मातीच्या घराचं आयुष्य यावरच आहे.

५. जुनं पेव असेल तर उघडल्याबरोबर आत उतरू नका. आत विषारी हवा साचते आणि तिने माणसं दगावतात. तोंड बराच वेळ उघडं ठेवा, कंदील सोडून बघा. विझला तर उतरायचंच नाही. विझला नाही तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय उतरायचं नाही. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, दोरानेच वर ओढा.

त्या दादांनी उतारावर भुयाराऐवजी आता जनावरांसाठी हलक्या छपराचा गोठा घातला आहे. राहत्या घराच्या माळवदावरून दीड फूट माती उतरवली. ती मोजली तर सात गाड्या भरली. "इतकी वर्षं आम्ही हिच्याखाली झोपत होतो," असं म्हणून त्यांनी ती रानातल्या खळगीत नेऊन टाकली.

तुमच्या माळवदावर किती गाड्या आहेत? पावसाळ्याआधी एकदा शिडी लावून, वर चढून, पहार खुपसून मोजा. आणि काय निघालं ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.